शामलनं मारलेली हाक

"साळोखे, जांभळी घाल."

इंगवले मॅडमनी फेकलेली जर्सी मी झेलली, पण घातली नाही. हातात धरून तशीच उभी राहिले. पाठीवर 'दगडी विहीर तालीम' अशी अर्धवट पुसलेली अक्षरं होती.

"मॅडम, ही दगडीची आहे."

"मला वाचता येतंय."

"माझी पिवळी असते रोज."

"पिवळी अतिग्रेला दिली आज. घालतीस का बाहेर बसतीस?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शामल अतिग्रे तशीच उभी होती. तिच्या हातात पिवळी जर्सी होती, आमच्या चिंचेच्या तालमीची, आणि ती एखादं ओलं फडकं धरावं तशी दोन बोटांत धरली होती. आम्ही दोघींनी लांबूनच एकमेकींकडे बघितलं. ती हसली असावी. मी नाही हसले.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. पुण्यात माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, अगं, जर्सीच ना ती. पण आमच्याकडे फुटबॉल शाळेत शिकत नाहीत, तो पेठेत शिकतात, आणि पेठेचा संघ म्हणजे तिथली तालीम. चिंचेच्या तालमीच्या बोळात जन्मलेलं मूल चालायला लागायच्या आधी पिवळं झबलं घालतं. दगडी विहिरीकडचं जांभळं. दोन तालमींची मॅच असली की आमच्या घरी वांग्याची भाजीसुद्धा होत नसे, कारण तिचा रंग. माझ्या पप्पांनी तरुणपणी पिवळ्यातून गोली म्हणून खेळताना दगडीच्या फॉरवर्डशी टक्कर घेऊन खांदा निखळवून घेतला होता, आणि तो खांदा ते पाहुण्यांना अजूनही दाखवत.

आमच्या कॉलेजात मुलींचा संघ नवा होता. सरावाच्या जर्सी अशा नव्हत्याच. मॅडमनी दोन्ही तालमींकडून जुन्या, विटलेल्या मागून आणल्या होत्या. पाडव्यानंतर शिबिर सुरू झालं, रोज सकाळी. कुणी न सांगता आम्ही आपापल्या पेठेचा रंग उचलायचो. मॅडम बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. शिबिराच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे त्याच दिवशी, आपसांत एक मॅच व्हायची होती आणि त्यानंतर संघ ठरायचा होता. बाकीच्या जागा जवळजवळ ठरलेल्याच होत्या. एकच जागा अडली होती, स्टॉपरची, म्हणजे गोलीच्या पुढ्यात मधोमध उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवणारीची. तिच्यासाठी आम्ही दोघी होतो, मी आणि शामल.

शामल धिप्पाड होती. ती अंगावर आली की बॉल तिथेच सोडून जावंसं वाटे. माझ्या अंगात तसला दम नव्हता. माझ्याकडे एकच गोष्ट होती. मला सारखी भीती वाटायची. ही डावीकडून सुटली तर? त्या दोघींच्या मधून पास गेला तर? घडायच्या आधीच मला ते दिसायचं आणि मी तोंडाचा पट्टा सुरू करायची, "मागं बघ! उजवीकडं रिकामं आहे! अगं ती आली, ती आली!" मुली वैतागायच्या. पण मॅडम पहिल्या दिवसापासून बजावत होत्या, "मुका स्टॉपर मला नको. स्टॉपरनं बोललं पाहिजे."

आणि त्या आठवड्यात शामलचा आवाज गेला होता.

जोतिबाची चैत्रातली यात्रा नुकतीच झाली होती. अतिग्र्यांच्या भावकीची सासनकाठी असते, देवापुढे नाचवायची उंच निशाणाची काठी. काठी नाचवताना शामल एवढी चांगभलं, चांगभलं ओरडली होती की घसा पार बसला. आठवडाभर ती खुणा करून, टाळ्या वाजवून खेळत होती. कानामागे गुलाल अजून तसाच होता.

मला मनातून बरं वाटलं होतं. का ते सांगते. आदल्या रात्री जेवताना पप्पांनी निकाल दिला होता. "खेळायचं तर अकरात खेळ. बाराव्याला लग्नातल्या वाढप्याएवढा पण मान नसतो. उद्या अकरात नाव आलं तर मी स्वतः बूट आणून देतो. नाही आलं तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. मैदान बंद."

"बघायला येणार का, पप्पा?"

"पोरींची मॅच बघायला? मला काय दुसरं काम नाही?"

तर मी जांभळी घातली. घालताना ती डोक्यात अडकली, आणि आतल्या जांभळ्या अंधारात मला पहिला विचार आला तो हा की घरी कुणाला कळायला नको. डोकं बाहेर काढलं. समोर मैदानाच्या कठड्यावर, पिंपळाच्या सावलीत, चार-पाच रिकामटेकड्या बाप्यांच्या रांगेत माझे पप्पा बसले होते. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी तोंडासमोर धरलं होतं. माझी जर्सी दिसल्याबरोबर ते खाली आलं.

*

पहिला अर्धा भाग मी बरी खेळले. खरं तर चांगली खेळले. मॅडमनी त्या दिवशी आणखीही चार-पाच जणींचे रंग बदलले होते. आमच्या गोलात रेवती होती, रेवती निंबाळकर, दगडीचीच, शामलच्या शेजारच्या घरातली. तिला पुढ्यात चिंचेची स्टॉपर नको होती आणि ती ते लपवतही नव्हती. पण मी बोलत राहिले. पिवळ्या बाजूची फॉरवर्ड सुप्रिया ही माझ्या बोळातली, जिच्याबरोबर मी लहानपणापासून भिंतीवर बॉल मारला होता. ती दोनदा आत घुसली आणि दोन्ही वेळा मी आधीच तिथे जाऊन उभी होते.

"तुला कसं गं कळतं?" सुप्रिया धापा टाकत म्हणाली.

"तू डावीकडं जायच्या आधी जीभ बाहेर काढतीस."

दुसऱ्या टोकाला शामल टाळ्या वाजवत होती. तिच्या बाजूच्या मुलींना ती टाळी कुणासाठी हे कळत नव्हतं, त्यामुळे दोघी-दोघी एकाच बॉलवर धावत होत्या. मॅडम रेषेवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांना हे सगळं दिसतंय हे मला दिसत होतं. मी पायातले जुने बूट बघून घेतले. टोकाला फाटले होते. नवे येतील, म्हटलं.

मग एक बॉल उंच आला. मी डोक्यानं खाली घेतला, पायाखाली दाबला आणि मान वर केली. तिघी-चौघी अंगावर येत होत्या, धूळ उडाली होती, ऊन डोळ्यांत. कुणाला द्यायचा? धुळीतून समोर पिवळं दिसलं. मोकळं पिवळं. आणि त्या पिवळ्यात सुप्रियाचा चेहरा.

मी पास दिला.

काय सुंदर पास होता तो! गवताला चिकटून, दोघींच्या मधून, थेट तिच्या उजव्या पायावर. सुप्रियासुद्धा क्षणभर दचकली. मग तिनं मारला. रेवती एका बाजूला उभी राहून हातमोजा नीट करत होती. बॉल तिच्या शेजारून आत गेला.

 मी अजून सुप्रियाकडे बघत होते, तिनं शाबासकी द्यावी म्हणून. मग खाली माझ्या छातीकडे बघितलं. जांभळी.

"हे काय?" रेवती पुढे आली. "हे काय दिलंस?"

"चुकून गं. मला वाटलं..."

"चुकून? आख्ख्या शिबिरात एवढा चांगला पास दिला नाहीस तू! आणि आज चुकून?"

"खरंच. पिवळं दिसलं आणि..."

"दिसणारच की! तेच दिसतं तुम्हाला. आमची जर्सी घालून त्यांना गोल दिलास. फितूर कुठली!"

तो शब्द आमच्याकडे साधा नाही. बाकी काहीही म्हणा. खुळी म्हणा, आंधळी म्हणा.  कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "चिंचेची ती चिंचेचीच!" आणि दोन-चार जण हसले. मी तिकडे बघितलं नाही. पप्पांचं तोंड बघायची माझी छाती नव्हती.

"ए, तोंड सांभाळ," सुप्रिया मध्ये घुसली. "फितूर कुणाला म्हणतीस?"

"जिनं फितुरी केली तिला."

"तुझा हातमोजा सांभाळ की आधी. गोलीनं काय मेंदी काढत बसायचं असतं?"

मग सगळ्याच सरकल्या. गंमत म्हणजे अंगावर कुठली जर्सी आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चिंचेच्या एका बाजूला, दगडीच्या दुसऱ्या. रंग गोधडीसारखे मिसळले आणि पेठा मात्र वेगळ्या झाल्या. मॅडमच्या ओठात शिट्टी होती. त्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला कळलं की माझी जागा गेली. जागा गेली त्याचं एवढं काही नाही. पण इथून पुढे मी ज्या गल्लीतून जाईन तिथे हेच ऐकू येणार होतं.

तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून शामल पळत आली. हात वर केलेला, मॅडमना दाखवायला. येऊन ती माझ्यात आणि रेवतीत उभी राहिली आणि बोलली. काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. फुटक्या पिपाणीतून वारा जावा तसा नुसता फसफस आवाज.

"काय?" रेवती म्हणाली.

"मी हाक मारली," शामल घसा धरून, एकेक शब्द ओढत म्हणाली. "हिला. 'वृषे, दे' अशी. म्हणून दिला हिनं. माझा फाऊल. गोल धरू नका."

समोरच्या बाजूच्या खेळाडूला फसवून हाक मारायची नाही, तो फाऊल असतो, हे मॅडमनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"शामे, तू कशाला मधे पडतीस?" रेवतीचा आवाज खाली आला. "तुझीच जागा..."

"गप बस. मी हाक मारली."

मॅडम सावकाश चालत आल्या. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"अतिग्रे. तू हाक मारलीस."

"व्हय."

"कुठून?"

शामलनं मागे, लांब, दुसऱ्या गोलाकडे बोट दाखवलं.

"तिथनं? इथपर्यंत?"

"व्हय."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "परत मार."

शामलनं माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला, मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही. शेवटी एक बारीकसं, कुत्र्याच्या पिल्लाच्या जांभईएवढं 'दे' तेवढं ऐकू आलं.

पहिल्यांदा सुप्रियाला हसू फुटलं. ती गुडघ्यावर बसली. मग बाकीच्या. रेवती ओठ दाबून धरत होती, खांदे हलत होते, मग तिनंही दोन्ही हातमोज्यांत तोंड घातलं. कठड्यावर कुणीतरी "चांगभलं!" म्हणून ओरडलं आणि सगळे बाप्ये हसायला लागले. शामल लालबुंद होऊन उभी. पण ती हटली नाही. "मारली होती," ती खुणेनं पुन्हा पुन्हा सांगत होती, "तेव्हा आला होता आवाज."

मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि कशाला आधी वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"गोल तो गोल," मॅडम म्हणाल्या. "पिवळे पुढे. अतिग्रे, धडधडीत खोटं बोललीस म्हणून मैदानाला एक चक्कर. आणि येताना ती पिवळी काढून जांभळी घालून ये. मागं साळोखेशेजारी उभी राहा. स्टॉपर दोन. बघू काय करता."

रेवती माझ्याजवळ आली. माफीबिफी काही नाही. तिनं गोलामागची पाण्याची बाटली उचलून माझ्यासमोर धरली.

"पी. तोंड बघ कसं झालंय."

*

शामल चक्कर मारून आली, जर्सी बदलली, शेजारी उभी राहिली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"कशाला खोटं बोललीस?" मी विचारलं.

"तुझ्या आधी मीच दोनदा देत होतो तिकडं," ती कुजबुजली. आमच्या कोल्हापूरच्या बऱ्याच मुली अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. "जांभळं दिसलं की पाय उचलायचा माझा. तुझा गेला, माझा राहिला. एवढंच."

"जागा तुझी झाली असती ना पण."

"खराब खेळली म्हणाली असती रेवी, तर गप बसलो असतो की. मस्त जागा घेतली असती." तिनं घसा खाकरला. "ते दुसरं नाही म्हणायचं. चल. तू बघ आणि बोल. मी अडवतो."

तसंच खेळलो. मी बोलत होते, ती अडवत होती. माझा शब्द तोंडातून सुटायच्या आत तिचं अंग वळलेलं असायचं. एकदाही तिनं 'कुठं?' म्हणून माझ्याकडे बघितलं नाही. मी 'डावीकडं' म्हटलं की ती डावीकडे असायची. सुप्रिया आपटत होती, उठत होती, शिव्या देत होती. मॅडम हळूहळू रेषेवरून आत सरकत आल्या होत्या आणि त्यांची नजर शामलवर होती. साहजिकच होतं. बॉल ती काढून घेत होती. मी तर नुसती बोलत होते. प्रत्येक हाकेगणिक माझी जागा मी माझ्याच तोंडानं तिच्या हवाली करत होते, आणि ते मला स्वच्छ कळत होतं.

मॅच संपत आली होती. बॉल उजवीकडे कोपऱ्यात, सगळ्यांचं लक्ष तिकडे, शामलचंही. आणि मला सुप्रिया दिसली. शामलच्या पाठीमागून, सावकाश, काहीच नसल्यासारखी डावीकडे सरकत होती. जीभ बाहेर.

मी गप्प राहिले तर? उंच पास येईल, शामल वळेपर्यंत उशीर झालेला असेल, मॅडम पुढ्यात उभ्या आहेत. सगळ्यांना एवढंच दिसेल की अतिग्रेच्या मागून फॉरवर्ड निसटली. कुणी मला विचारणार नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. नव्या बुटांचा वास माझ्या नाकात आला.

तोंड मिटलेलं होतं माझं. किती वेळ ते सांगता येणार नाही. पास हवेत चढला.

"शामल! मागं! डावीकडं, मागं!"

ती बघितल्याशिवायच वळली. माझ्या शब्दावर सगळं अंग टाकून दिल्यासारखी. डोकं लागलं, बॉल रेषेबाहेर गेला. मॅडमनी शिट्टी वाजवली. संपलं.

नावं वाचली तेव्हा आम्ही जमिनीवर बसलो होतो. स्टॉपर, अतिग्रे. माझं नाव शेवटी आलं, राखीव खेळाडूंत.

मी तशी गप्प राहणारी नव्हे. सगळ्या उठल्यावर मॅडमपुढे जाऊन उभी राहिले.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला. मुका स्टॉपर नको म्हणत होता ना तुम्ही?"

"आवाज काय, येतो परत," मॅडम म्हणाल्या आणि बॉलची जाळी खांद्यावर टाकून चालायला लागल्या. दोन पावलांवर थांबून म्हणाल्या, "शेवटची हाक मी पण ऐकली, साळोखे. उद्या सकाळी लवकर ये."

*

पप्पा माझ्याआधी घरी पोचले होते. वर्तमानपत्र तेच, पान तेच. मी बूट दारात काढले.

"बारावी आहे," मी म्हटलं. एकदाचं सांगून टाकलेलं बरं.

 आई आतून ताट घेऊन आली, ते तसंच राहिलं. पप्पा म्हणाले, "जांभळं घातलं होतंस."

"मॅडमनी दिलं."

"दिसलं मला." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ती थोराड पोरगी कुणाची?"

"अतिग्रे. दगडी विहिरीजवळची."

"तिचाच आवाज गेलाय?"

"हो."

पप्पा उठले, चप्पल घातली आणि उन्हात बाहेर गेले. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. क्लासची चौकशी करायला गेले असणार, असंच दोघींना वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. ज्येष्ठमधाच्या काड्या आणि खडीसाखर.

"नेऊन दे तिला. म्हणावं, गालात धरून ठेव, चावू नको."

"दगडीत जाऊ मी?"

"मग काय मी जाऊ?" ते खेकसले. खांदा चोळत खुर्चीत बसले. "आणि तिला सांग, चिंचेच्या तालमीच्या साळोख्यांनी सांगितलंय. पुढच्या वेळेला खोटं बोलायचं असेल तर आधी आवाज तरी आणून ठेव."

मी पायरी उतरत होते तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"वृषे. उद्या किती वाजता जायचंय मैदानावर?"

दगडी विहिरीच्या बोळात मी जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते त्या दुपारी, हातात पुडी घेऊन. शामल दारातच बसली होती. तिनं एक काडी गालात धरली, दुसरी माझ्या तोंडात कोंबली आणि सरकून मला पायरीवर जागा दिली.

*

त्या वर्षी मी मैदानात फार थोडी उतरले. रेषेबाहेर बसून बोलत मात्र राहिले, इतकी की एका मॅचला पंचांनी येऊन मॅडमना विनंती केली, तुमच्या त्या मुलीला जरा आवरा. शामलचा आवाज परत आला आणि चांगला दणदणीत आला. तरी मैदानात उतरताना ती मला दरवेळी तेच सांगायची. तू बघ आणि बोल.

पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. ती गडहिंग्लजला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. फोन असायचे, पण कमी कमी होत गेले.

चार वर्षांपूर्वी मला मुलगी झाली. मैत्रेयी. आई दोन महिने राहून कोल्हापूरला गेली आणि घरात आम्ही तिघंच उरलो. तेव्हापासून माझी झोप गेली. बाळ झोपलं की मी शेजारी बसून तिची छाती हलते का ते बघायची. हलताना दिसायची, तरी नाकाखाली बोट धरायची. उताणी असली तर वाटे, दूध उलटून घशात गेलं तर? कुशीवर असली तर वाटे, तोंड दुपट्यात गेलं तर? नवरा म्हणायचा, "डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं छान आहे म्हणून? तू पड जरा, मी आहे." पण तो पाच मिनिटांत घोरायला लागायचा. तोही दमलेला. मला राग येत नसे, फक्त पुन्हा उठून बसायची. एका दुपारी शामलचा सहज फोन आला. मी काय बोलले मला आठवत नाही. दोन वाक्यं बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ती उभी. पायात खेळायचे बूट, खांद्यावर सॅक, आवाज जिन्यापासून ऐकू येणारा. "काय गं पत्ता तुझा! तीन रिक्षावाल्यांशी भांडून आलोय!" मग माझ्याकडे बघितलं. बूट दाराबाहेर काढले, हात धुतले, पाळण्याशी गेली. तिथे तिचा आवाज आपोआप खाली आला. ती जुनी कुजबुज.

"कधीपासून झोपली नाहीस?"

"झोपते अधूनमधून."

"खोटं बोलू नको. तुला जमत नाही."

"तुला तरी कुठं जमतं?" मी म्हटलं, आणि कित्येक दिवसांनी मला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ जे आलं ते आवरेना. ती मला रडू देत उभी राहिली. समजूत घातली नाही, डॉक्टरांचं नाव काढलं नाही.

"मी झोपले आणि काही झालं तर, शामल?"

"म्हणून तर आलो. तू लई बघितलंस," ती म्हणाली. "आता मी बघतो."

तिनं एक स्टूल ओढलं आणि पाळण्यासमोर बसली. पाय फाकलेले, हात गुडघ्यांवर, अंग किंचित पुढे, नजर बाळावर. मैदानावर कोपऱ्यातून बॉल यायच्या आधी ती अशीच उभी राहायची. मी पलंगावर आडवी झाले, पण डोळे मिटेनात.

"काही वाटलं तर हाक मारशील ना?"

"मारतो की," मान न वळवता ती म्हणाली. "आता आवाज आहे."

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं आणि स्वयंपाकघरात नवरा भांडी हळू वाजवायचा प्रयत्न करत होता. मैत्रेयी जागी होती, मूठ चोखत होती. शामल त्याच स्टुलावर होती, तशीच.